तळ्याच्या पाण्याचं मावंदं

डोक्याचा गोटा करून घेण्याआधी माणसानं शेजारीपाजारी विचारून घ्यावं, असं सेलूचे दिनकरराव पुढं कितीतरी वर्षं ज्याला त्याला सांगत. ऐकणाऱ्याला संदर्भ लागत नसे आणि दिनकरराव तो देतही नसत. दवाखान्यातली कारकुनी, इस्त्रीची टोपी आणि रस्त्याच्या अगदी मधून चालण्याची सवय, एवढ्यावर ज्यांची अब्रू उभी होती, त्यांच्यावर अख्ख्या गल्लीनं काशीयात्रा लपवल्याचा आळ घेतला होता. वाईट एवढंच, की त्या आळाला लागणारा सगळा पुरावा दिनकररावांनी स्वतःच्या हातानं जमवून दिला.

पहिला पुरावा म्हणजे डोकं. लढाईचे दिवस होते. ऐन उन्हाळ्यात साहेबांनी त्यांना साथीच्या रोगांचं काही शिकून घ्यायला हैदराबादला पाठवलं. तिथल्या उकाड्यानं डोक्यात गळवं उठली, न्हाव्यानं केस उतरवले आणि ओठावरही एक गळू होतं म्हणून मिशीही नेली. वडील पूर्वीच वारलेले असल्यामुळं मिशी काढायला तशी हरकत नव्हती. परत आले ते टोपी कपाळापर्यंत ओढून. समोरच्या घरात कडूबाई राहायच्या. गल्लीत कोण आलं, कोण गेलं आणि कोण काय घेऊन गेलं, हे त्यांच्या ओट्यावरून सुटत नसे.

"कुठं गेलते, दिनकरराव?"

"हैदराबादला. सरकारी काम होतं."

"बरं," कडूबाई म्हणाल्या. मग टोपीच्या कडेनं दिसणाऱ्या तुळतुळीत कानशिलाकडं नीट पाहून त्या पुन्हा एकदा म्हणाल्या, "बरं."

आता काशी-प्रयाग करणारा माणूस तिथं क्षौर करतो, परत येताना सीलबंद गंगा आणतो, आणि मग तिची पूजा करून गल्लीला जेवू घालतो. ते मावंदं. सील फोडून प्रत्येकाच्या तळहातावर थेंब थेंब गंगा द्यायची आणि पंगत उठवायची, असा रिवाज. मावंदं चुकवणाऱ्याची यात्रा फळत नाही असं म्हणतात, आणि शेजारी त्याला ती फळू देतही नाहीत. कडूबाईंनी त्या दिवसापासून नजर ठेवली. डोकं तर सापडलं होतं, आता गंगा तेवढी सापडायची होती.

दुसरा पुरावा दिनकररावांनी आपल्या सासुरवाडीहून आणला. सासुरवाडी म्हणजे तळेपिंपळी, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. गावाला एकच तळं. सासरे माणिकराव पाटील, त्यांच्या आजोबांनी ते दुष्काळात खोदवलं. त्या तळ्याचं पाणी अमृत आहे, असं माणिकरावांचं म्हणणं, आणि गावात पाटलाच्या म्हणण्यापुढं कोणी जात नसे. त्याच तळ्यात म्हशी बसत, धुणी होत, येडबा धनगराची मेंढरं उतरत, आणि मग काठावरून घागरी भरल्या जात. मागच्या श्रावणात गावात हगवण लागली. माणिकरावांची नात गोदी, म्हणजे दिनकररावांच्या बायकोच्या, पार्वतीबाईंच्या भावाची मुलगी, दवाखान्यात आणली तेव्हा तिचे डोळे आत गेले होते. दिनकरराव तिच्या उशाशी होते. पोरीनं त्यांचं बोट धरलं ते सोडलं नाही, आणि शेवटी ते सोडवून घ्यावं लागलं.

घरात सगळे म्हणाले, पोरीला दृष्ट लागली. तळ्याचं नाव कोणी काढलं नाही. दिनकररावांनी एकदा काढलं, तर माणिकराव म्हणाले, "जावईबापू, आमच्या पाण्यावर तुमी दिवाळीला गुटगुटीत होऊन जायचे, ते इसरले का?" जावयाला सासऱ्याशी वाद घालता येत नाही. शिवाय दिवाळीचं म्हणणं खरं होतं.

तेव्हा दिनकररावांनी दवाखान्याच्या साहेबांचा पिच्छा पुरवला. साहेब म्हणाले, तुझ्या म्हणण्यावर तहसील विहीर देणार नाही. तळ्याचं पाणी हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाऊ दे. तिथं त्यातले जंतू मोजतील. मोजणी वाईट निघाली, तर पाटलाच्या आजोबांची कीर्ती मध्ये येणार नाही आणि श्रावणाआधी विहीर लागेल. मग साहेबांनी चार बाटल्या दिल्या आणि पथ्यं सांगितली. बाटल्या उकळून घे, तोंड स्पिरिटनं पूस, तळ्याच्या मधून पाणी भर, लाखेनं सील कर. आणि मुख्य म्हणजे बर्फात आणि अंधारात ठेव. गारव्यात जंतू गप पडून राहतात, ऊब लागली की त्यांची पिलावळ वाढते आणि मोजणी खोटी ठरते. एवढं सांगून साहेब दौऱ्यावर निघून गेले.

दिनकररावांनी शुक्रवार धरला. निजामी अंमलात शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी, आणि त्या दिवशी माणिकराव मानवतला लग्नाला जाणार होते. सासरा गावात नसताना जावयानं चोरासारखं तळ्यात उतरणं शोभत नव्हतं, पण सासरा गावात असताना तर ते जमलंच नसतं. धोतर खोचून ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. काठावर येडबा काठीवर हनुवटी टेकवून बघत होता.

"जावई, काय करायलाव?"

"पाणी नेतोय."

"सेलूत पाणी न्हाई का?"

"आहे. हे मोजायला नेतोय."

येडबानं जरा वेळ विचार केला. "तळं किती खोल हाय ते मला इचारायचं. त्याला बाटल्या कशाला?"

ह्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर नव्हतं, म्हणून दिनकरराव फक्त हसले. कोणी विचारल्यावर सरकारी माणसानं नुसतं हसणं फार वाईट. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की जावई तळं मोजून गेला, आता पाण्यावर सारा बसणार.

इकडे गाडीवान बैल हाकत होता आणि दिनकरराव ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या बाटल्या मांडीवर घेऊन बसले होते. हैदराबादची गाडी पकडायची म्हणून ते थेट स्टेशनवर गेले. पार्सलबाबूनं पोतं उलगडून बघितलं.

"काय आहे?"

"पाणी."

"लाखेनं सील केलेलं पाणी?" बाबूनं बाटली नाकाशी नेली. बुचाला स्पिरिटचा वास होता. त्यानं दिनकररावांच्या टोपीकडं, मग मिशी नसलेल्या तोंडाकडं पाहिलं. मिशी काढलेला माणूस काहीतरी लपवत असतो, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "ही दारू नाही असा आबकारीचा दाखला आणा, मग बाटल्या चढवतो."

"आज शुक्रवार. कचेरी बंद आहे."

"म्हणूनच तर तुम्ही आज आलात," बाबू म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

गाडी गेली. दवाखान्याला कुलूप होतं. उन्हाळा असा, की सावलीत ठेवलेलं लोणीही पातळ व्हावं. बर्फ सेलूत एकाच ठिकाणी होता. कापसाचे व्यापारी बन्सीधर शेठ यांच्या घरी लग्न नुकतंच उरकलं होतं, आणि मनमाडहून भुशात घालून आणलेल्या लादीचा तुकडा उरला होता. शेठजींनी बर्फ लगेच काढून दिला, पण चेहरा पाडून.

"कोण गेलं, दिनकरराव?"

"कोणी नाही, शेठजी. पाणी गार ठेवायचंय."

बन्सीधर शेठनी मान हलवली. बर्फ लग्नाला लागतो नाहीतर मयताला, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि दिनकररावांकडं तर लग्न नव्हतं. "हिंमत ठेवा," ते म्हणाले आणि त्यांनी भुसाही वरून जास्तीचा दिला.

घरात सगळ्यात गार आणि अंधारी जागा म्हणजे देवघर. त्याला खिडकी नव्हती, आणि जमीन शेणानं सारवलेली. दिनकररावांनी तांब्याच्या घंगाळात बर्फ घातला, बाटल्या उभ्या केल्या, वर ओलं फडकं टाकलं. पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं आणि दिनकररावांनी खरं ते सांगितलं. हैदराबादला एक माणूस आहे, तो काचेतून बघून ह्यातले जंतू मोजणार आहे.

"म्या त्या पाण्यावर वाढले," पार्वतीबाई म्हणाल्या. "मला तर कदी दिसले न्हाईत."

"दिसत नाहीत म्हणूनच मोजायचे."

"न दिसणारं मोजायला माज्या माहेराचंच पाणी गावलं तुमाला. सेलूत इतके आड हाईत." त्या पाठमोऱ्या झाल्या. "आबाला कळलं तर माजं माहेर तुटंल. तुमचं काय जायचंय."

दिनकररावांना गोदीचं नाव घ्यायचं होतं. पण त्या घरात ते नाव घेतलं की बायको दिवसभर बोलत नसे, म्हणून ते तसेच विहिरीवर अंघोळीला गेले.

नेमक्या त्या वेळात कडूबाई विरजण मागायला आल्या. विरजण हे निमित्त असतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, तरी देणारी देते. त्यांना देवघरातलं ओलं फडकं दिसलं, तांब्याचं घंगाळ दिसलं, आणि फडक्याखालून डोकावणारी लाल लाख दिसली. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"पारूबाई, गंगा हाय का गं ही?"

आता पार्वतीबाईंपुढं दोनच वाटा होत्या. ही आमच्या तळेपिंपळीच्या तळ्याची घाण आहे आणि नवरा त्यातले किडे मोजवणार आहे, असं सांगायचं, म्हणजे उद्या सगळ्या सेलूत पाटलाच्या तळ्याची शोभा. नाहीतर मान हलवायची. त्यांनी मान हलवली. देवासमोर खोटं बोलल्याचं पाप नको म्हणून तोंडानं काही म्हणाल्या नाहीत.

"तरीच म्हणलं," कडूबाई म्हणाल्या. "कारकुनाचं डोकं उगंच कशाला उतरंल. बाटल्यात आणली व्हय? असू द्या. आता आगगाडीची काशी, गडू कोण संभाळतंय." आणि विरजण न घेताच त्या निघून गेल्या.

शनिवारी सकाळी दिनकरराव एक बाटली पंच्यात गुंडाळून आबकारीच्या कचेरीत गेले. तिथला मुन्शी सभ्य होता. त्यानं पान पुढं केलं आणि मग सांगितलं, की सील फोडून चव घेतल्याशिवाय दाखला कसा द्यायचा? सील फोडलं तर पाणी वाया जाईल, दिनकरराव म्हणाले. आणि चव तर घेऊच नका, ते पाणी वाईट आहे.

"वाईट आहे, तरी फोडू देत नाही, आणि बर्फात जपून ठेवता," मुन्शी म्हणाला. "साहेब, इतकं तर कोणी चांगल्या पाण्याचंही करत नाही." त्यानं अर्ज लिहायला सांगितला. दिनकररावांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. अर्जाच्या खाली आपली मोहर नाही हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मोहर दवाखान्यात होती आणि किल्ली साहेबांकडं.

दुपारी उन्हातून घरी येताना त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच आपल्या दाराचं तोरण पाहिलं. आपण दुसऱ्याच्या गल्लीत शिरलो असं वाटून ते क्षणभर मागं फिरले. पण दार त्यांचंच होतं, आणि ओट्यावर बसलेले लोक त्यांना उठून नमस्कार करत होते. आतून पुरण शिजल्याचा वास येत होता. कडूबाईंनी सगळ्या गल्लीला त्यांच्या नावानं आवतण दिलं होतं. कोणी डाळ आणली होती, कोणी पत्रावळी. तुम्ही चुकवणार होतात ना, मग आता बघा, असा एक गोड विजय प्रत्येकीच्या तोंडावर होता. बन्सीधर शेठही होते. मयत नसून मावंदं आहे हे कळल्यावर ते मोकळ्या मनानं आले होते आणि गारेगार पन्हं पीत होते.

"बर्फ चांगला टिकला की," शेठजी म्हणाले.

दिनकरराव देवघराकडं धावले. घंगाळात बर्फाचा चुरासुद्धा उरला नव्हता. तीन बाटल्या कोमट पाण्यात उभ्या होत्या, त्यांना हळदकुंकू लावलं होतं आणि गळ्यात झेंडूची माळ होती. शेजारी पार्वतीबाई पाटावर बसल्या होत्या, रडून डोळे लाल करून. "म्या नको म्हणले हुते," त्या कशाबशा म्हणाल्या. ते कोणाला म्हणाल्या होत्या आणि केव्हा, हे विचारायला वेळ नव्हता, कारण बाहेर गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि माणिकराव पाटील उतरले.

ते मानवतहून रात्री घरी पोचले होते आणि उजाडेपर्यंत दोन बातम्या त्यांच्या कानावर पडल्या होत्या. येडबा म्हणत होता, जावयानं तळं मोजून नेलं. रात्रीतून सेलूहून आलेला दूधवाला म्हणत होता, जावयाकडं गंगापूजन हाय. पाटलानं दोन्ही बातम्या वाटभर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. तांब्याभर पाण्यानं पाय धुऊन ते थेट देवघरासमोर येऊन बसले. मागं सगळी गल्ली दाटली.

"जावईबापू, काशीला कवा गेलते?"

दिनकररावांनी टोपी काढून हातात घेतली. गोटा चमकला आणि मागून कोणीतरी भक्तिभावानं हात जोडले.

"मामा," ते म्हणाले आणि थांबले. पाणी तळ्याचं म्हणावं, तर बायको देवासमोर आणि गल्लीसमोर खोटी पडत होती, आणि तिचं माहेर तुटत होतं. गंगा म्हणावं, तर आत्ता एवढ्या हातांवर ते पाणी पडणार होतं. आणि सील फुटलं की विहीरही गेली.

"न्हाई बोलायचं तर ऱ्हाऊ द्या," माणिकराव म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढं केला, तळहाताची खोलगट वाटी करून. "द्या तीर्थ. गंगा असंल तर पुण्य लागंल. आन् आमच्या तळ्याचं असंल, तर जिभंवर पडल्याबरूबर कळंल मला. जन्म गेलाय त्यावर. मंग इथंच, सगळ्याम्होरं इचारीन, माज्या आज्याचं पाणी तुमी कशापाई चोरून आणलं."

त्यांच्या मागं बन्सीधर शेठचा हात पुढं आला. कडूबाईंचा आला. पोरंबाळं कडेवर घेऊन बाया पुढं सरकल्या. दिनकररावांनी एक बाटली उचलली आणि छातीशी धरली. ती देता येत नव्हती आणि ठेवताही येत नव्हती.

पार्वतीबाई उठल्या. त्यांनी आपला तळवा बापाच्या तळव्यावर पालथा ठेवला आणि वाटी झाकून टाकली.

"आबा, पिऊ नगा," त्या म्हणाल्या. "आपल्याच तळ्याचं हाय. गोदीनं पेलेलं."

कडूबाईंनी पुढं केलेला हात तसाच राहिला. माणिकरावांनी मुलीच्या हाताकडं पाहिलं.

"पोरगी पाणी पाणी करायली हुती," ते म्हणाले. "म्याच पाजलं. गाडीत बसवताना बी म्याच पाजलं, तांब्याभर."

"तुमाला कुठं ठावं हुतं, आबा."

माणिकरावांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला, जणू त्यावर पाणी पडलंच होतं. दिनकररावांना वाटलं, आता माहेर तुटलं. पाटील उठले, त्यांनी जावयाच्या हातातली बाटली घेतली आणि ती उजेडाकडं धरून आतलं पाणी पाहिलं. ते अगदी स्वच्छ दिसत होतं.

"ह्यात हाईत?"

"आहेत, मामा. मोजणी आली की तहसील विहीर देईल."

"तहसीलीची कशाला वाट बघायची," माणिकराव म्हणाले. "देवळामागची जागा आमचीच हाय. सोमवारी कुदळ मारतो. तुमी यायचं." मग ते मुलीकडं वळले. "पारू, पंगत बसीव. लोकं उपाशी हाईत."

पंगत बसली. गंगा नसली तरी पुरण शिजलं होतं, आणि शिजलेल्या पुरणाला कोणी नाही म्हणत नाही. बन्सीधर शेठचा मुनीम संध्याकाळी हैदराबादला निघाला होता. त्यानं बाटल्या आपल्या ट्रंकेत कपड्यांखाली घालून नेल्या. त्याला पार्सलबाबूनं काही विचारलं नाही, कारण मुनीमाला मिशा होत्या. पुढं प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नमुन्याला ऊब लागली असल्यानं जंतू मोजण्यापलीकडं वाढले आहेत, बाटल्यांना बाहेरून हळद का लावली आहे याचा बोध होत नाही, तरी नमुना नव्यानं पाठवावा. दिनकररावांनी तो कागद टोपीखाली घालून ठेवला, कारण अजून केस आले नव्हते आणि टोपी सैल बसत होती.

विहिरीला मृगाच्या आधी पाणी लागलं. कातळ फोडून खालून वर आलेलं, गार पाणी. माणिकराव स्वतः गाडी जुंपून सेलूला आले. त्यांच्या मांडीवर तांब्याचा गडू होता, तोंडाला फडकं बांधून वर लाख लावलेला. तो त्यांनी देवघरात जावयासमोर ठेवला.

"मोजा," ते म्हणाले.

दिनकररावांनी लाख फोडली. गडू उचलून तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायले, हनुवटीवरून छातीवर ओघळेपर्यंत. पार्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माणिकराव भिंतीकडं तोंड करून उगाच खुंटी तपासत राहिले.

दारात कडूबाई विरजणाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लाखेचे तुकडे पाहिले, गडू पाहिला, वाटी पदराआड घेतली आणि परत फिरल्या. तळ्याची गोष्ट त्यांनी कधीच खरी मानली नव्हती. आणि पुढं आयुष्यभर, दिनकररावांचं नाव निघालं की त्या एवढंच सांगत, "डोळ्यानं पाह्यलंय म्या. खरी गंगा मागं लपवून ठिवली हुती. शेवटी एकटाच पेला."